बारदान्यावरची आसनं

आप्पा आसन शिकवताना माणसाकडे बघतच नसत. बघायचे कुत्रीकडे. आपण घाम गाळत, दातओठ खात वाकलेलो असायचो आणि हा मनुष्य आपल्याकडे पाठ करून शेडच्या कोपऱ्यात झोपलेल्या एका करड्या कुत्रीकडे टक लावून उभा. पहिल्याच दिवशी मला असा राग आला, की वाटलं, कसले मेले हे मास्तर, चप्पल घालावी आणि सरळ घरी जावं. तेवढ्यात कुत्री उठली. तिनं पुढचे पाय लांब केले, पाठ खाली घातली, शेपटापर्यंत झकास आळस दिला. आप्पा वळून मला म्हणाले, "बगितलाव का बाई? घाई केली का तिनं? दात खाल्ली का?" मग आपणच हसून म्हणाले, "पुस्तकात या आसनाला कुत्र्याचंच नाव हाय मनतेत. मला काय वाचता येत न्हाई. मी आपलं थेट तिलाच इचारलो."

मी मूळची नांदेडची. उस्मानाबादेतून लातूर वेगळं काढून नवा जिल्हा केला, तेव्हा नव्या ऑफिसात मला टंकलेखकाची नोकरी लागली. नवा जिल्हा म्हणजे नवे कागद. जुन्या फायली तिकडून यायच्या, त्यांच्या नव्या प्रती इकडे निघायच्या, आणि त्या सगळ्या माझ्या मशीनमधून. वर्षभरात माझी मान अशी धरली, की कुणी हाक मारली तर अख्खी मीच वळायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आईनं नांदेडहून कसलंसं तेल पाठवलं, उपयोग शून्य. माझ्या खोलीशेजारी शांताबाई राहायच्या, डाळमिलमध्ये डाळ निवडायला जायच्या. त्यांनी एके दिवशी मला सरळ हाताला धरलं. "चल माझ्यासंगं. मोंढ्यात मापाडी आप्पा हाय. माझी कंबर त्यानंच सरळ केली."

मापाडी म्हणजे आडतीवर धान्याचं माप करणारा. आप्पांनी उभा जन्म त्यात काढला होता. लिंगायत घर, बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. पोती उचलून उचलून खांदा निकामी झाला, तेव्हा कुणा मठातल्या स्वामींनी त्यांना चार आसनं दाखवली आणि खांदा सुटला. तेव्हापासून जो येईल त्याला ते शिकवत बसले. जागा कुठली? तर दुष्काळानं रिकामी पडलेली एका आडत्याची पत्र्याची शेड. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मालच येत नव्हता. सतरंजीच्या ऐवजी बारदाना, म्हणजे रिकामी पोती. पालथं झोपलं की नाकात तुरीचा वास जायचा आणि शिंका यायच्या. आप्पा म्हणायचे, "शिंका. आत काय धरून ठिवू नका."

श्वास मोजायला ते कधी 'एक'पासून सुरुवात करत नसत. धान्य मोजताना मापाडी पहिलं माप टाकतो तेव्हा एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. आप्पांच्या जिभेला तेच वळण. "लाभ… दोन… तीन…" त्या रिकाम्या मोंढ्यात, जिथं दोन वर्षं धड मापच पडलं नव्हतं, पहाटे आम्ही सातआठ माणसं पोत्यांवर पडून श्वास घ्यायचो आणि आप्पा खड्या आवाजात लाभ म्हणायचे. सुरुवातीला मला हसू फुटायचं. पुढं पुढं तो शब्द ऐकल्याशिवाय माझा दिवस सुरू होईना.

ती करडी कुत्री फाल्गुनात व्याली. शेडच्या कोपऱ्यात, पोत्यांच्या ढिगाऱ्यात, पाच पिल्लं. आप्पांनी त्यांची नावं ठेवली ती मापाड्याला सुचतील तीच. काळं ते उडदी, तांबूस ते मसुऱ्या, मग तुरी, मुगी आणि हरबऱ्या. "मोंढ्यात दाणा न्हाई, आन् आपल्याकडं बगा पाची धान्यं," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. पिल्लांचे डोळे उघडले, ती चालायला लागली आणि आमच्या आसनांचा बट्ट्याबोळ झाला. धनुरासनात पाय धरावेत तर बोट चाटायला एक हजर. भुजंगासनात मान वर करावी तर नाकासमोर नाक. शांताबाई हलासन करताना तुरी त्यांच्या वेणीला लोंबकळली, आणि शांताबाई पाय वर, डोकं खाली अशा अवस्थेत तिला ज्या शिव्या देत होत्या त्या काही इथं लिहिण्याजोग्या नाहीत. आप्पा सुपारी कातरत शांत. "शिव्या द्या, पण श्वास सोडू नका."

शवासनाचा नियम मात्र कडक होता. पिल्लू अंगावर आलं तर हलायचं नाही. आप्पा सांगायचे, "त्येला काय तुमचं नाव, हुद्दा ठावं न्हाई. ज्याचा श्वास बराबर, त्याच्याच अंगावर ते निजतंय." आणि खरंच तसंच व्हायचं. शांताबाईंच्या पोटावर दोनदोन निजायची. पोस्टातून रिटायर झालेले एक काका होते, त्यांच्या काखेत मसुऱ्या घोरायचा. माझ्याकडे कुणी फिरकायचं नाही. यायची, हुंगायची आणि पुढं जायची. मी डोळे मिटून आतल्या आत ऑफिसातले मसुदे जुळवत असायची, ते त्या एवढ्याशा जिवांना कळायचं की काय कोण जाणे. मला त्याचं फार लागायचं. हसू नका. चोवीस वर्षांची बाई, परक्या गावात एकटी, आणि कुत्र्याची पिल्लंसुद्धा जवळ येईनात!

मग एके पहाटे उडदी आली. पोटावर चढली, दोन गिरक्या घेतल्या आणि माझ्या मानेशी, जिथं दुखायचं अगदी तिथंच, डोकं टेकून झोपली. गरम, हलकी, दुधाचा वास येणारी. आप्पांनी मोजण्याचा आवाज थोडा खाली आणला. मी आवाज न करता रडले. त्यानंतर मान एकदम बरी झाली असं नाही, पण मी मात्र कुठंतरी सैल झाले. त्या वर्गावर माझा किती जीव होता ते लिहून सांगता यायचं नाही.

दुष्काळाचं काय सांगायचं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही करंगळीएवढं. टँकर आला की भांडणं ठरलेली. आमच्या वर्गाची फी म्हणजे कुत्रीसाठी घरून आणलेलं तांब्याभर पाणी. कुणाला जमलं नाही तर आप्पा विचारत नसत. स्वतः मात्र ओल्या फडक्यानं अंग पुसून आंघोळ झाली म्हणायचे आणि वाचलेलं पाणी करडीच्या परातीत ओतायचे. एकदा मी म्हटलं, "आप्पा, तुमच्याच घरात प्यायला नाही." तर म्हणाले, "ती पाच जणांना पाजायलीय माय. मी एकटा जीव, मला किती लागतंय?"

आता माझ्या करणीकडे येते. वैशाखात एक यादी माझ्या मशीनवर आली. मदतीचं धान्य साठवायला गावातल्या रिकाम्या शेडी ताब्यात घ्यायच्या होत्या, आणि यादीत तिसरी ओळ आमच्या शेडची. शेड गेली तर आप्पांचा वर्ग गेला, वर्ग गेला तर करडी आणि पिल्लं उन्हात. मी कारकून बाई. मला एकच शस्त्र चालवता येत होतं. मी अर्ज केला. चांगला दोन पानी. नागरिकांच्या आरोग्यासाठी चालणारा योगवर्ग, जागा कायम ठेवावी, रोज एक पिंप पाणी मंजूर व्हावं. शांताबाईंचा अंगठा घेतला, पोस्टातल्या काकांची सही घेतली, बाकीच्यांच्याही घेतल्या. आप्पांना मात्र विचारलं नाही. वाटलं, ते नको म्हणतील, भिडस्त माणूस. काम झाल्यावरच सांगू, खूश होतील. त्यांच्या नावापुढे मी 'करिता' लिहिलं आणि त्यांच्या वतीनं माझी सही ठोकली. ऑफिसात साहेब जागेवर नसले की आम्ही रोज करतो तसं. त्यात काही वावगं आहे असं मनातसुद्धा आलं नाही.

अर्ज चालला. साहेब स्वतः पहाटे बघायला आले. भला माणूस, स्वतःच्याही पाठीचं दुखणं होतंच. आप्पा पुढं कुणाला तरी वज्रासन दाखवत होते, साहेब दाराशी उभे राहून मला हळूच म्हणाले, "छान आहे हो. जागा राहील, पाणीही देऊ. नव्या सतरंज्या पाठवतो, सोमवारपासून आमच्या घरची मंडळीही येतील. तेवढी ही कुत्री हलवा." मी म्हणाले, "हो साहेब." एका श्वासात म्हणाले. माझी अक्कल तेव्हा कुठं शेण खायला गेली होती कुणास ठाऊक. जागा वाचली या आनंदात मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

आणि वाईट करावं असं मनात मुळीच नव्हतं हो. देवणीकडे गुरांची छावणी होती. तिथं वैरणीचा ट्रक जायचा. मी हिशेब मांडला, छावणीत पाणी आहे, देवणी गाईंचं दूध आहे, पिल्लांचं कल्याणच होईल, आणि पिल्लं नसली की करडी आपणच शेड सोडेल. ट्रकवाल्याला गाठलं, तो हो म्हणाला. रविवारी वर्गाला सुट्टी. सकाळी करडी पाणी शोधत कुठं तरी गेली होती, तेवढ्यात मी माझ्या हातानं पाचही पिल्लं डालग्यात ठेवली. उडदीनं माझं बोट तोंडात धरलं होतं, ते सोडवून घेतलं. ट्रकवाल्यानं डालगं वैरणीच्या पेंढ्यांमध्ये बसवलं, वर ऊन लागू नये म्हणून आणखी पेंढ्या रचल्या, आणि मी वर त्याला ताकीद दिली, "नीट जा रे भाऊ."

सोमवारी पहाटे सतरंज्या आल्या होत्या, निळ्या, कोऱ्या. त्या सतरंज्यांवरून करडी फिरत होती. एक हुंगायची, दुसरी हुंगायची, दाराशी जायची, रस्ता बघायची, परत यायची. आचळं भरून दगड झाली होती. आप्पा आले, त्यांनी एकदा कोपऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पिल्लं कुठं गेली?" मी अगदी उत्साहानं सगळं सांगितलं. शेड, पाणी, साहेब, छावणी. माझं झाल्यावर आप्पा फक्त म्हणाले, "आजून आईच्या दुधावर हायत की माय ती." एवढंच. धोतर खोचलं आणि चालत एस.टी. स्टँडकडे गेले. त्या दिवशी वर्ग झालाच नाही. साहेबांकडची मंडळी आली आणि परत गेली.

आप्पा तिसऱ्या दिवशी आले, भर दुपारी. तोंड उन्हानं काळंठिक्कर पडलेलं. उपरण्याच्या झोळीत एकटी उडदी. नळेगावच्या अलीकडे ट्रकचा पाटा तुटला होता. ट्रक दिवसभर उन्हात उभा, ड्रायव्हर मिस्त्री शोधायला गेलेला आणि पिल्लं पेंढ्यांच्या खाली. सावली म्हणून रचलेल्या पेंढ्या! संध्याकाळी बघितलं तेव्हा चार गेली होती. ड्रायव्हरनं ती रस्त्याच्या कडेला ठेवली. उडदी तेवढी धुगधुगत होती, तिला छावणीतल्या कुणीतरी बोटानं दूध पाजलं. हे सगळं आप्पांनी नाही सांगितलं, नंतर ड्रायव्हरकडून कळलं. आप्पा मला एवढंच म्हणाले, "चार वाटंतच गेली. नळेगावला उतरलो, मातीआड करून आलो." उडदीला त्यांनी खाली ठेवलं. करडी धावत आली, तिला चाटचाट चाटलं, पाजलं. आणि ती पोटाशी झोपल्यावर उठून पुन्हा रस्त्यावर जाऊन उभी राहिली. उरलेल्यांची वाट बघत. मला ते बघवेना. मी पळ काढला.

दुसऱ्या दिवसापासून आप्पा शेडमध्ये आलेच नाहीत. करडीला आणि उडदीला घरी घेऊन गेले. चार दिवस वाट पाहिली आणि मी त्यांच्या खोलीवर गेले. अंगणात दोघी झोपलेल्या, आप्पा उंबऱ्यात बसलेले. मी उभ्या उभ्या रडायला लागले. "आप्पा, माझं चुकलं हो. मला मारा, बोला, पण वर्ग बंद करू नका."

"बस आदी," ते म्हणाले. "पाणी पी."

पाणी प्यायल्यावर म्हणाले, "बंद मी कुठं करायलोय? माझा श्वास जाग्यावर न्हाई बाई. लाभ मनलो की पुढचं दोन येतच न्हाई तोंडात. ते वाटंवरचं चार दिसायलंय. आसा माणूस दुसऱ्याला श्वास शिकवतो मनला, तर ते खोटं माप झालं. जल्मात टाकलो न्हाई, आता कामून टाकू?"

"मी तुमच्यासाठीच केलं आप्पा."

"व्हय की. माझ्यासाठीच केलीस. समद्याची सही घेतलीस, अंगठं घेतलीस." ते रागानं बोलत नव्हते, तेच तर वाईट होतं. "मला एक शबूद इचारली असतीस, तर मी मनलो असतो, जाऊ दे शेड. झाडाखाली बसू. झाडाखाली काय श्वास येत न्हाई का?"

खरंच, केवढं सोपं होतं. मोंढ्याच्या मागं चांगली दोन कडुलिंबाची झाडं होती. मला दिसली नाहीत, कारण मी ज्या कागदावर विचार करत होते त्याच्यात झाडाला रकाना नव्हता.

शेडमध्ये साहेबांनी दुसरा एक शिक्षक आणला. तो पुस्तकातली नावं बरोबर सांगायचा आणि एकपासून मोजायचा. महिन्याभरात माणसं गळाली, मग सतरंज्याही कुणी कुणी नेल्या, शेवटी शेडीत धान्याची पोती लागली ती लागलीच. पावसाळ्यात आप्पा दोघी कुत्र्यांना घेऊन मुरुडला बहिणीकडे राहायला गेले. जाताना शांताबाईंना भेटून गेले. मी ऑफिसात होते. निदान मी तसं सांगते. खरं तर ते गल्लीत आलेले मी वरच्या खिडकीतून बघितले होते आणि खाली उतरायचं मला धाडस झालं नाही.

पुढच्या वर्षी आषाढात शांताबाई सकाळीच दारात आल्या. "आप्पा गेला गं." आम्ही दोघी मिळेल त्या एस.टी.नं मुरुडला पोचलो. लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, फुलांनी सजवतात आणि बसलेलाच मातीत ठेवतात. ओसरीवर आप्पा बसले होते. कपाळभर विभूती, गळ्यात हार, डोळे मिटलेले, पाठ ताठ. क्षणभर मला वाटलं, आता मोजायला सुरुवात करतील. मग जवळ गेले तर पाठीमागं फळी लावलेली दिसली आणि कापडानं छाती त्या फळीला बांधलेली. आप्पांची पाठ सरळ राहायला फळी लागली, हे बघून माझा जो बांध फुटला तो शांताबाईंनाही आवरेना. भिंतीशी करडी आणि चांगली मोठी झालेली उडदी पडून होत्या. उडदीनं माझ्याकडे बघितलं, ओळखलं नाही.

माती झाल्यावर आप्पांची म्हातारी बहीण माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या तोंडाकडे निरखून म्हणाली, "लातूरची टायपिंगवाली तूच का गं माय?"

मी मान हलवली. वाटलं, आता ही बोलणार, आणि बोलावंच तिनं.

"तुझं लई नाव काढायचा तो. कुणी लातूरहून आलं की इचारायचा, त्या पोरीची मान कशी हाय, रोज करती का न्हाई. मनायचा, जीव लावणारी पोर हाय, मनाला लावून घेतलं आसंल, एकदा यायला पायजे होती." तिनं पदरानं डोळे पुसले. "का आली न्हाईस गं?"

आज इतक्या वर्षांनीही मला ते सांगता येत नाही. लातूरहून मुरुड, एस.टी.नं एक तास लागतो.